दोरी उतरवायची की तशीच ठेवायची?

प्रश्न : नमस्कार सर, मी चिपळूणजवळ राहते आणि गेल्या वर्षीपासून बांबूच्या धनुष्यावर इंडियन राऊंडची (बांबूच्या धनुष्याचा आपल्याकडचा स्पर्धाप्रकार) प्रॅक्टिस करते. आमचे कोच प्रॅक्टिस संपली की लगेच दोरी उतरवायला लावतात, विसरलं तर ओरडतात. माझ्या मामेभावाकडे फायबरग्लासचा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, तो महिनोन्महिने दोरी चढवलेलाच भिंतीवर टांगलेला असतो आणि त्याचं काहीच बिघडलेलं नाही. शिवाय रोज दोरी काढघाल केली की माझी ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर) रोज वेगळी येते आणि सुरुवातीचे बाण भलतीकडेच जातात. मग रोज उतरवायची खरंच गरज आहे का? आणि पावसाळ्यात धनुष्य कसं ठेवायचं तेही सांगा.

उत्तर : तुमचे कोच बरोबर सांगतायत, उतरवायचीच. मामेभावाचं धनुष्य बिघडलं नाही हेही खरं आहे, पण त्याचं आणि तुमचं धनुष्य दिसायला भाऊ-बहीण असले तरी आतून पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे त्याचा नियम तुम्हाला लागू होत नाही.

धनुष्य वाकतं तेव्हा नेमकं काय होतं बघा. आपल्याकडे तोंड असलेली बाजू म्हणजे पोट, आणि टार्गेटकडची बाजू म्हणजे पाठ. वाकल्यावर पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकडाचा स्वभाव असा की ते ताण बऱ्यापैकी सोसतं पण दाबाला त्यामानाने लवकर हार मानतं, म्हणजे पोटाकडचे तंतू आतल्या आत थोडे थोडे चेपत जातात, बाहेरून काहीच दिसत नाही, तडा नाही की आवाज नाही, फक्त दोरी काढल्यावर धनुष्य पूर्वीइतकं सरळ होत नाही. टोकं दोरीच्या बाजूला झुकलेली राहतात. याला सगळीकडे सेट म्हणतात. बांबूचंही साधारण असंच. आणि यात मुख्य मुद्दा वेळेचा आहे. दोरी नुसती चढवलेली असली, कुणी खेचत नसलं, तरी पोटावर दाब चालूच असतो, आणि लाकूड सतत दाबाखाली राहिलं की हळूहळू त्या आकाराला सरावतं. चार महिने पुस्तकांच्या ओझ्याने वाकलेली फळी पुस्तकं काढली तरी सरळ होत नाही ना, तसंच. सेट वाढला की धनुष्याचे पाउंड, म्हणजे ते खेचायला लागणारा जोर, कमी होतात, बाण खाली पडायला लागतात, आणि ५० मीटरवर तर ते लगेच कळतं. गेलेली ताकद मग परत येत नाही.

फायबरग्लास साधारण १९५० च्या आसपास धनुष्यात आलं. मामेभावाच्या धनुष्यात मधे लाकूड असेलही, पण पाठीवर आणि पोटावर काचेच्या तंतूंचे थर असतात आणि जवळपास सगळा ताण-दाब तेच झेलतात. ती काच वापरातल्या ताणाला लाकडासारखी सरावत नाही. म्हणून तो आठवडेच्या आठवडे दोरी चढवून ठेवू शकतो. तुम्ही ठेवू शकत नाही.

आता माझ्यावर नुसता विश्वास ठेवू नका, स्वतः मोजून बघा, मला हे फार आवडतं आणि प्रत्येक मुलाने केलंच पाहिजे असं वाटतं. प्रॅक्टिस संपली की लगेच दोरी उतरवा, धनुष्याची पाठ सपाट भिंतीला लावा, मूठ भिंतीला टेकलेली ठेवा आणि दोन्ही टोकं भिंतीपासून किती लांब आहेत ते पट्टीने मोजून वहीत लिहा. मग तेच माप दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी लावायच्या आधी घ्या. सकाळचा आकडा कमी येईल. म्हणजे रात्रभरात धनुष्याने थोडं स्वतःला सावरलं. ही सावरायची संधीच दोरी न उतरवल्यामुळे जाते. महिन्यातून एकदा तरी हे माप लिहीत जा. सकाळचा आकडा महिनोन्महिने तोच राहिला तर धनुष्य ठणठणीत आहे, हळूहळू वाढत असला तर एकतर ते जास्त वेळ चढवलेलं राहतंय, किंवा ओलं आहे, किंवा तुम्ही त्याच्या मापापेक्षा जास्त खेचताय. आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त झुकायला लागलं तर लगेच कोचना दाखवा, कारण तो लिम्ब, म्हणजे मुठीच्या त्या बाजूचा वाकणारा भाग, एकटाच जास्त काम करतोय.

प्रत्येक एंडनंतर, म्हणजे एका खेपेचे बाण मारून झाले की, उतरवायची का असं काही जण विचारतात, तर तसं काही नाही, बाण काढून आणेपर्यंत राहू द्या. जेवायला जाताय, किंवा पाऊस आला म्हणून तासभर शेडमधे बसायचंय, तर उतरवा. परत लावल्यावर मात्र एकदम पूर्ण खेचू नका. आधी अर्धं, मग पाऊण, असं आठ-दहा वेळा खेचून हळूच परत सोडा आणि मग बाण लावा. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही, मैत्रिणीला हातात दिलं की ती पहिलं हेच करते, तेव्हा देण्याआधीच सांगा. बाणात जाणारी सगळी ताकद धनुष्यातच राहते आणि चांगलं बांबूचं धनुष्यही त्याने एका फटक्यात तुटू शकतं.

ब्रेस हाइटचा त्रास खरा आहे, त्याच्यावर उपाय सोपा आहे. तुम्ही बहुतेक दोरी पूर्ण काढून गुंडाळून ठेवत असाल, त्यात पीळ सुटतो, पीळ सुटला की दोरी लांब होते आणि ब्रेस हाइट खाली येते. दोरी पूर्ण काढूच नका. खालचा फास खाचेतच राहू द्या, वरचा फास खाचेतून काढून लिम्बवरून खाली सरकवा, बस. खालचा फास निसटू नये म्हणून तिथे एक छोटं रबर लावा. वरचा फास त्यासाठी थोडा मोठा हवा, नवीन दोरी करून घेताना सांगा. आणि मुठीपासून दोरीपर्यंतचं ठरलेलं अंतर लिम्बच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, रोज दोरी चढवली की पट्टीने बघा, कमी असेल तर दोनचार पीळ वाढवा, जास्त असेल तर सोडा. डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची, नवी दोरी सुरुवातीला ताणली जातेच, त्यामुळे पहिले काही दिवस हे रोज करावं लागेल, नंतर ती बसते. हे सगळं करायला एक मिनिटही लागत नाही, आणि खरं म्हणजे दोरी कायम चढवलेली असली तरी मोजायला हवंच.

आता पाऊस. कोकणातल्या लोकांसाठी हा भाग दोरीइतकाच महत्त्वाचा आहे. धनुष्याच्या लाकडात साधारण ८ ते १० टक्के ओलावा असला की ते सगळ्यात चांगलं चालतं. जुलैत तुमच्याकडे हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते, तशा हवेत नुसतं टांगून ठेवलेलं लाकूड हळूहळू १८-२० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. ओलं लाकूड मऊ पडतं, पोटाचे तंतू आणखी लवकर चेपतात, म्हणजे पावसाळ्यात चढवून ठेवलेलं धनुष्य उन्हाळ्यापेक्षा कितीतरी लवकर सेट घेतं. म्हणून जून ते सप्टेंबर दोरी उतरवण्यात एकही दिवस आळस नको. घरात सगळ्यात कोरडी जागा शोधा, बहुतेक ती आतल्या खोलीतलं कपाट असते, भिंत ओल धरणारी असेल तर तिच्यावर खुंट्या नकोत. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आतला दमटपणा आतच राहतो, कापडी पिशवी बरी. प्रॅक्टिस संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि लिम्बला, विशेषतः टोकांना आणि खाचांना, वॉर्निश किंवा मेण आहे ना बघा, कारण लाकूड कापलेल्या टोकातून पाणी सगळ्यात जास्त पितं. भिजलं तर चुलीपाशी किंवा हीटरसमोर धरून वाळवायचं नाही, पंख्याखाली आडवं ठेवून दोन-तीन दिवस द्या.

विदर्भातल्या वाचकांचा त्रास बरोबर उलटा असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या हवेत लाकूड ५-६ टक्क्यांपर्यंत वाळतं आणि मग ते चेपत नाही, सरळ मोडतं. तिथे दुपारी उन्हात दोरी चढवलेलं धनुष्य ठेवणं म्हणजे मोडायलाच ठेवणं. सावलीत ठेवा, सकाळी लवकर शूट करा.

ठेवताना दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभं ठेवलं की सगळं वजन खालच्या लिम्बवर येतं आणि तो एका बाजूला पीळ घेतो, उतरवलेलं असलं तरी.

हे आजकालचे लाड नाहीत, हेही सांगून ठेवतो. स्वयंवराच्या गोष्टी आठवा, राजे-महाराजे आधी दोरी चढवण्यातच हरतात, म्हणजे धनुष्य दोरी उतरवलेलंच मांडलेलं असायचं. मेरी रोझ नावाचं इंग्लंडचं लढाऊ जहाज १५४५ मधे बुडालं आणि १९८२ मधे वर काढलं, त्यातून यू झाडाच्या लाकडाची दीडशेच्या वर धनुष्यं मिळाली, त्यातली कित्येक पेट्यांमधे दोरीशिवाय रचून ठेवलेली. आपल्याकडे तर हवेचा त्रास इतका की शिंग, लाकूड आणि स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवलेली उत्तम धनुष्यं असूनही पोलादी धनुष्यं बनवली गेली, ती शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी दमटपणाने सुटत नसत. शिंगाचं पोट लाकडापेक्षा खूप जास्त दाब सोसतं, म्हणून प्राचीन काळचे स्किथियन नावाच्या भटक्या जमातीचे घोडेस्वार चढवलेलं धनुष्य कमरेच्या म्यानात घेऊन फिरू शकायचे. पण त्यालाही ओल चालत नाही. कोरियात शिंगाचं धनुष्य आजही उबदार पेटीत ठेवतात.

प्रश्न : माझा ३५ पाउंडचा फायबरग्लास टेकडाउन (लिम्ब सुटे करता येणारा) रिकर्व्ह आहे. मी वीकेंडलाच शूट करतो, त्यामुळे तो चढवलेलाच गाडीच्या डिकीत असतो. वरच्या उत्तराप्रमाणे चालेल ना? (पुणे)

उत्तर : दोरी चढवलेली राहिली म्हणून काच थकणार नाही, पण डिकी नको. उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, थर चिकटवणारा गोंद त्या उष्णतेत मऊ होतो आणि वर दोरीचा ताण असेल तर थर सुटायला लागतात. गाडीतून न्यायचं तर दोरी उतरवून, लिम्ब काढून बॅगेत, आणि पोचल्यावर बॅग बरोबर घेऊन उतरा. लिम्बच्या कडेला बारीक रेघ दिसली किंवा खेचताना टिकटिक आवाज आला तर त्याने शूट करू नका.

तुमच्यासारख्यांचं धनुष्य चढवून ठेवल्याने फार कमी वेळा बिघडतं, चुकीच्या पद्धतीने चढवताना मात्र बऱ्याच वेळा बिघडतं. पाय मधे घालून मांडीवर वाकवून दोरी लावायची सवय असेल तर सोडा, त्यात लिम्बला पीळ बसतो आणि हात सटकला तर टोक तोंडावर येतं. बो स्ट्रिंगर घ्या, दोन टोकांना लावायची एक साधी दोरी असते, फार महाग नाही, पायाने मधे दाबायची आणि मूठ सरळ वर उचलायची. उतरवतानाही तोच वापरायचा. घरात लहान मुलं असतील तर मी म्हणेन फायबरग्लास असलं तरी उतरवूनच ठेवा, चढवलेलं धनुष्य दिसलं की ती खेचणारच.

प्रश्न : मी नोकरीसाठी जपानमधे आहे, क्यूडो, म्हणजे जपानी धनुर्विद्या, शिकतो. नवीन बांबूचा युमी (जपानी धनुष्य) घेतला तर सेन्सेई, म्हणजे आमचे गुरू, म्हणाले बरेच दिवस चढवूनच ठेव. हे सगळ्याच्या उलट वाटतं.

उत्तर : उलट वाटतं पण सेन्सेईंचं ऐका. युमी दोन मीटरपेक्षा लांब, बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेला, आणि दोरी काढली की तो उलट्या बाजूला वाकतो. नवीन असताना हा उलटा बाक खूप जास्त आणि आकारही पक्का नसतो, म्हणून तो मुद्दाम चढवून ठेवून स्थिर करतात. म्हणजे आपण जो सेट टाळतो तोच थोडा, लक्ष ठेवून, येऊ देतात. एकदा आकार बसला की प्रॅक्टिसनंतर उतरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी चढवल्यावर लगेच बाण न लावता थोडा वेळ तसाच राहू द्यायचा. आकार बसला हे नवीन माणसाला कळत नाही, दोरी मुठीच्या एका बाजूला जास्त सरकायला लागली तर स्वतः दाबून सरळ करायला जाऊ नका, सेन्सेईंना किंवा ज्याने युमी बनवला त्याला दाखवा.