चाळीस डेरिव्हेटिव्ह करण्याआधी

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

एचआयव्हीवरच्या औषधासाठी बेट्युलिनिक ॲसिड या वनस्पतीतल्या रेणूत थोडे थोडे बदल करून बनवायच्या चाळीस डेरिव्हेटिव्हची तुझी यादी दोनदा वाचली. मेहनत दिसते. पण कुठला बदल कशासाठी, हे त्यात कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

या रेणूचा इतिहास आधी नीट बघ. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात कुओ-श्युंग ली यांच्या गटाला सिझिजियम क्लॅव्हिफ्लोरम या झाडाच्या पानांत हे ॲसिड सापडलं. त्याचा एचआयव्हीविरोधी गुण त्यांनी १९९४ मध्ये नोंदवला. ते झाड म्हणजे आपल्या जांभळाचं भावंडच. ताकद मात्र बेताची होती, विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला १.४ मायक्रोमोलर (द्रावणातल्या मात्रेचं एकक) लागायचं. मग रेणूच्या तिसऱ्या कार्बनवरच्या ओएचला (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीला) डायमिथाइलसक्सिनिक ॲसिडची शेपटी एस्टर बंधाने जोडली, आणि तेच काम ०.०००३५ मायक्रोमोलरहूनही कमी मात्रेत झालं. चार हजार पटींचा फरक, एका ओएचवर! हे १९९६ साल. पुढे याच रेणूचं नाव बेव्हिरिमॅट पडलं.

तो नेमकं काय करतो हे कळायला २००३ उजाडलं. औषधाच्या सान्निध्यात विषाणू वाढवत नेला, जो तगला त्याचे जनुक वाचले, तर बदल विषाणूचा सांगाडा घडवणाऱ्या गॅग प्रथिनात, कॅप्सिड आणि एसपी-१ या त्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यापाशी निघाले. हे तुकडे कापून वेगळे करणाऱ्या प्रोटिएज एंझाइमला हा रेणू हातही लावत नाही. तो त्या सांध्यावरचा शेवटचा काप होऊ देत नाही. विषाणू पेशीबाहेर पडतो, पण कच्चा राहतो, पुढच्या पेशीला त्याची लागण होत नाही. मला आजही हे फार सुंदर वाटतं.

आणि तरी ते औषध बाजारात आलं नाही. चाचण्यांत कित्येक रुग्णांवर त्याचा परिणामच दिसेना. त्यांच्या विषाणूत एसपी-१ मध्ये आधीपासूनच वेगळी अमिनो आम्लं होती, औषध न घेताही. शिवाय रेणू रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून बसायचा. २०१० मध्ये काम थांबलं. पुढच्या पिढीत तिसऱ्या कार्बनवर बेंझोइक ॲसिड आणि अठ्ठाविसाव्याकडे अमाइन असलेली बाजूसाखळी बसवून या दोन्ही अडचणींवर मात करायचा प्रयत्न झाला. त्यातला एक रेणू पोटाच्या तक्रारी आणि प्रतिकारक विषाणू, या दोन्हींमुळे सोडावा लागला.

आता तुझ्या यादीकडे येते. तू चाचणीसाठी जो विषाणू लिहिला आहेस तो प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेला, बी उपप्रकाराचा. भारतात पसरलेला एचआयव्ही मुख्यतः सी उपप्रकाराचा आहे, आणि एसपी-१ मधले ते त्रासदायक बदल सी मध्ये बी पेक्षा जास्त आढळतात. म्हणजे तुझा सगळ्यात देखणा आकडा इथल्या रुग्णासाठी निरुपयोगी ठरू शकतो. सी उपप्रकाराचे नमुने थीसिसच्या शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नकोस. पहिल्या पाच रेणूंपासून दोन्ही उपप्रकार शेजारी शेजारी लाव, आणि एक संच मानवी सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) घालून.

दुसरं, पेशींवरची विषारिता त्याच दिवशी, त्याच पेशींवर मोज. माझ्या उमेदीच्या काळात एका अर्कामुळे विषाणू नाहीसा झाला म्हणून मी आठवडाभर हरखून होते. पेशीच मरत होत्या, मग विषाणू वाढणार कशात? ती चाचणी मी मागे ठेवली होती, चूक सर्वस्वी माझी. तो आठवडा विसरता येत नाही.

बेट्युलिनिक ॲसिड ज्या जातीचं, ते ट्रायटरपीन रेणू पाण्यात विरघळायला नाखूश असतात. डीएमएसओ या द्रावकातून पेशींच्या माध्यमात टाकलं की साका होतो का, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मात्रा लिहू नकोस. आणि ती शेपटी जोडायला वापरायचं ॲनहायड्राइड दोन बाजूंनी उघडू शकतं, तेव्हा शेपटीतले मिथाइल कुठल्या कार्बनवर आले ते एनएमआरवर (रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीत) पक्कं कर.

कच्च्या मालाची तुला ददात नाही. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या त्या भूर्जाच्या कुळात, बर्चच्या सालीत, बेट्युलिन भरपूर असतं आणि त्यापासून ॲसिड करता येतं. म्हणूनच मोह होतो, अजून एक करून बघू, अजून एक. चाळीसचे बारा कर. प्रत्येकासमोर एक ओळ लिही: हा बदल सी उपप्रकारासाठी, की सीरमसाठी, की विद्राव्यतेसाठी? ओळ सुचली नाही तो रेणू खोड. मंगळवारपर्यंत पाठव, बुधवारी सकाळी फोनवर बोलू.

तुझी,
मॅडम