बाळासाठी कॉट निवडताना

प्रश्न : आमचे बाळ तीन महिन्यांचे आहे. नात्यातल्या एका कुटुंबाने आपली जुनी कॉट देऊ केली आहे, तिचा एका बाजूचा कठडा खाली सरकतो. ती घ्यावी का? आणि तिच्यात मऊ गादी घातली तर बाळाला आराम मिळेल ना?

उत्तर : ती कॉट कितीही आपुलकीने दिलेली असली, तरी कृपया वापरू नका. सरकत्या कठड्याची खीळ झिजली की तो एका कोपऱ्यात सुटतो आणि त्या फटीत बाळ अडकून गुदमरू शकते. याच कारणाने अमेरिकेत २०११ पासून अशा कॉटच्या विक्रीवर बंदी आहे. नवी घेताना चारही कठडे पक्के असावेत आणि दोन गजांमधले अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावे, कारण रुंद फटीतून बाळाचे अंग बाहेर सरकते आणि डोके मात्र आतच अडकते.

मऊ गादी मोठ्यांना सुखाची वाटते, पण पालथ्या पडलेल्या बाळाचे नाक तिच्यात रुतते. गादीवर तळहात दाबून उचलावा. खळगा तसाच राहिला, तर ती गादी बाळाच्या कामाची नाही. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक फटही नसावी. उशी, लोड, जाड पांघरूण, कापडी खेळणी यांतले पहिले वर्षभर काहीही नको, ताणून बसवलेली एक चादर पुरेशी आहे. बाळाला झोपवताना नेहमी उताणेच ठेवावे, आणि ते आधाराने उभे राहू लागण्याआधी गादी सर्वांत खालच्या पातळीवर उतरवावी.