मानसशास्त्र की मनोविज्ञान, आणि त्यातला आत्मा गेला कुठे?

प्रश्न असा आलाय की सायकॉलॉजी हा शब्द ग्रीक ‘प्सीखे’ म्हणजे आत्मा ह्यावरून आलाय असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, मग आपण आत्मशास्त्र न म्हणता मानसशास्त्र का म्हणतो, भाषांतर चुकलंय का? आणि हिंदीत मनोविज्ञान आहे तर मराठीत ‘शास्त्र’ का, आपण त्याला सायन्स मानत नाही का?

व्याकरणाचा भाग आधी उरकून टाकतो. मनोविज्ञान, मनोबल, मनोविकार ह्यात ‘मनो’ येतं कारण पुढे मृदू व्यंजन आहे. पुढे श, स, प असलं की विसर्ग तसाच राहतो, म्हणून मनःशांती, मनःस्थिती, मनःपूर्वक. त्यामुळे ‘मनोशास्त्र’ असं जे अधूनमधून दिसतं ते नियमात बसत नाही, मनःशास्त्र बसतं, आणि मानसशास्त्रात तर ‘मानस’ घेतल्यामुळे ही भानगडच मिटते. (मनोकामनासुद्धा नियमाने मनःकामना व्हायला हवं, पण ते इतकं रुळलंय की आता कोण बोलणार.)

आता आत्म्याचं बघू. प्सीखेचा जुना अर्थ श्वास, प्राण, मेल्यावर माणसातून निघून जातं ते. फुलपाखरालाही ग्रीक लोक हाच शब्द वापरायचे. अॅरिस्टॉटलचा ह्याच नावाचा ग्रंथ आहे, त्यात झाडांनाही प्सीखे आहे, फक्त ते पोषण आणि वाढीपुरतं, प्राण्यांना त्यावर संवेदना आणि हालचाल, आणि माणसाला वर विचार. झाडाला असलेलं हे जे काही आहे त्याला आपण ‘जीव’ म्हणू, उपनिषदातला आत्मा नव्हे. म्हणजे ‘प्सीखे म्हणजे आत्मा’ हे समीकरणच मुळात ढोबळ आहे, ख्रिस्ती धर्मविचारात तो शब्द अमर आत्म्याला चिकटला आणि तिथून तो अर्थ पसरला.

आणि सायकॉलॉजी हा जोडशब्द प्राचीन ग्रीक नाहीच मुळी! तो सोळाव्या शतकातल्या लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांनी घडवलाय. क्रोएशियातल्या मारुलिचच्या एका हरवलेल्या ग्रंथाच्या नावात तो होता असं सांगतात, आणि मारबुर्गच्या ग्योकेलने १५९० साली ह्याच नावाचं पुस्तक छापलं. तेव्हा विषय होता आत्मा कुठून येतो वगैरे. पुढे जर्मनीत ख्रिस्तियान वोल्फने १७३२ आणि १७३४ मध्ये दोन वेगवेगळी पुस्तकं काढली, एक अनुभवावर आधारलेल्या सायकॉलॉजीचं आणि एक तर्कावर आधारलेल्या सायकॉलॉजीचं, म्हणजे निरीक्षण एका बाजूला आणि आत्म्याबद्दलचा युक्तिवाद दुसऱ्या बाजूला. माझ्या मते शब्दाचा अर्थ खरा इथे हलायला लागला. १८६६ मध्ये लांगे नावाच्या तत्त्वज्ञाने तर सरळ ‘आत्म्याविना सायकॉलॉजी’ असंच म्हटलं. तेव्हा आज जो विषय शिकवतात त्याला आत्मशास्त्र म्हणणं म्हणजे तीनचारशे वर्षांपूर्वीच्या अर्थाचं भाषांतर करणं झालं, मन हाच शब्द बरोबर आहे.

शिवाय आपल्या दर्शनांत मन आणि आत्मा हे वेगळेच आहेत. न्याय दर्शनाचा मूळ ग्रंथ न्यायसूत्र, त्यात मनाची खूण दिलीय ती बघा: ‘युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्’. एकाच क्षणी अनेक ज्ञानं होत नाहीत, डोळे, कान सगळी इंद्रियं उघडी असूनही एका वेळी एकच काहीतरी कळतं, त्याअर्थी इंद्रियं आणि आत्मा ह्यांच्यामध्ये काहीतरी साधन असलं पाहिजे, तेच मन. निव्वळ युक्तिवाद आहे, पण काय नेमका!

आता ह्याच मुद्द्याला युरोपात कसं तोंड फुटलं ते बघा, ह्यात मला फार मजा वाटते. ग्रीनिचच्या वेधशाळेत तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो ती वेळ नोंदवायची असायची, डोळ्याने तारा बघायचा आणि त्याच वेळी कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे, आणि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाज करायचा. मॅस्केलिन ह्या मुख्य खगोलज्ञाच्या किनब्रूक नावाच्या मदतनिसाच्या नोंदी साहेबांपेक्षा ०.८ सेकंद उशिराच्या यायला लागल्या आणि १७९६ मध्ये बिचाऱ्याची नोकरी गेली. पुढे बेसेल ह्या जर्मन खगोलज्ञाने ते वाचलं आणि मोठमोठ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या तर प्रत्येकाचाच फरक पडतो असं निघालं, म्हणजे दोष कामचुकारपणाचा नव्हता. मग १८६१ मध्ये विल्हेल्म वुंट ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने लंबक आणि घंटेचं उपकरण करून तेच स्वतःवर करून बघितलं, घंटा वाजली तेव्हा लंबक नक्की कुठे होता हे सांगता येतं का, तर नाही येत, लक्ष आवाजावरून दृश्यावर जायला वेळ लागतो, आणि तो त्याने मोजला, सेकंदाचा साधारण आठवा भाग. नैयायिकांचा, म्हणजे न्याय दर्शनवाल्यांचा, मुद्दा तोच, फरक इतकाच की इथे आकडा आला.

आकडा हीच तर अडचण होती. कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८६ मध्ये लिहून ठेवलं होतं की मनाच्या अभ्यासाला गणित लावता येत नाही म्हणून ते खरंखुरं विज्ञान होऊ शकत नाही. त्याला उत्तर तत्त्वज्ञांपेक्षा शरीरशास्त्रवाल्यांनीच जास्त दिलं. मज्जातंतूतून संदेश जातो त्याचा वेग मोजणं अशक्य असं योहानेस म्यूलर म्हणायचा, त्याच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, १८५०च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजला आणि तो निघाला सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर, म्हणजे विजेसारखा वगैरे काही नाही, आजच्या आगगाडीएवढा! फेखनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये वजन, प्रकाश, आवाज किती वाढवला की माणसाला फरक जाणवतो ह्याचा नियमच मांडला.

आणि हे सगळं करून वुंट बसला कुठे, तर लाइपझिगच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या खुर्चीवर. माणूस शिकलेला डॉक्टर, १८७९ ची त्याची प्रयोगशाळा ही ह्या विषयाची जन्मतारीख म्हणून पाठ करतात, आणि तिथल्या प्रयोगांसाठी त्याने जे नियतकालिक काढलं त्याचं नाव काय, तर ‘तत्त्वज्ञानविषयक अभ्यास’. त्यामुळे ‘हे तत्त्वज्ञान की सायन्स’ असं विचारलं तर खुद्द वुंटलाही एक निवडायला आवडलं नसतं.

म्हणून ‘शास्त्र’ बद्दल माझी काहीच तक्रार नाही. मराठीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आहे तसंच तर्कशास्त्र, नीतिशास्त्रही आहे, दोन्ही प्रकार ह्या एका शब्दात मावतात. मनोविज्ञान म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, चूक नाही, मराठीत कमी रुळलंय इतकंच.

खरी चूक होते ती वेगळीकडेच. ‘त्याचा प्रॉब्लेम सायकॉलॉजिकल आहे’ ह्याचं ‘मानसशास्त्रीय समस्या’ असं करतात. मनातली ती मानसिक, विषयाशी संबंधित ते मानसशास्त्रीय. ताण मानसिक असतो, तो मोजायची चाचणी मानसशास्त्रीय. वुंटच्या त्या आठव्या भागाच्या उशिरालाही मानसिकच म्हणावं लागेल.