गॅसच्या वरची फळी रिकामी करा

या वेळी आलेली बहुतेक पत्रं मसाल्यांची आहेत, तेव्हा एकत्रच घेते. माझी नोकरी झाली ती मसाले तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. मसाला आला की त्यात सुगंधी तेल किती ते मोजायचं, हेच काम. त्यामुळे माझी उत्तरं आधी नाकाकडून येतात, पाककृतीकडून नंतर.

प्रश्न : ताई, माझे सगळे मसाले गॅसच्या वरच्या फळीवर, काचेच्या छान बरण्यांत आहेत. झाकणं घट्ट आहेत. तरी काही महिन्यांतच रश्श्याला वास येईनासा होतो. मग मी मसाला दुप्पट घालते, तर रस्सा कडवट आणि जहाल होतो, वास मात्र नाहीच. कुठे चुकतंय?

फळीवर चुकतंय, आणि त्याहून जास्त त्या दुसऱ्या चमच्यात. मसाल्यात दोन तऱ्हेचा ऐवज असतो. एक उडून जाणारा, म्हणजे सुगंधी तेल. दुसरा जागचा न हलणारा : मिरचीचा तिखटपणा, मेथीचा कडूपणा, हळदीचा तुरटपणा. जुन्या पुडीतून पहिला निघून जातो, दुसरा बराचसा राहतो. तुम्ही दुप्पट घालता तेव्हा जे उरलंय तेच दुप्पट होतं. गेलेलं काही परत येत नाही.

सगळे मसाले सारख्या वेगाने उतरत नाहीत, हेही लक्षात घ्या. लवंगेत वजनाच्या १५ ते २० टक्के तेल असतं, जिऱ्यात २ ते ५ टक्के, आणि धण्यात जेमतेम १ टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणून मिश्र मसाला जुना झाला की त्यात लवंग आणि मिरचीच बोलतात, धणे गप्प होतात. रस्सा ‘बिघडला’ असं वाटतं, पण काय बिघडलं ते सांगता येत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

हे तेल आम्ही क्लेव्हेंजरच्या उपकरणात काढायचो. १९२८ साली सुचवलेला तो काचेचा घाट थोड्याफार फरकाने अजून वापरात आहे. मसाला भरडायचा, पाण्यात घालून तासन्‌तास उकळायचा, वाफ थंड करायची आणि अंश आखलेल्या बारीक नळीत तेल जमताना बघत बसायचं. जिऱ्याचं तेल पाण्यावर तरंगतं. लवंगेचं पाण्याहून जड, ते खाली बसतं, म्हणून त्याला नळीही वेगळ्या घाटाची लागते. आता बघा, मसाल्यातून तेल बाहेर काढायला आम्ही काय करायचो? दळायचं, तापवायचं, वाफ द्यायची. तुमच्या फळीवर पुडीला रोज हेच मिळतंय, फक्त सावकाश.

तेव्हा मसाले आधी त्या फळीवरून खाली उतरवा. ओव्हनच्या बाजूचं कपाट नको, फ्रीजचा माथाही नको, तोही तापतो. बंद दाराचं, चुलीपासून लांबचं कपाट किंवा ड्रॉवर उत्तम. काच वाईट नाही, उजेड वाईट. मिरचीपुडीचा लाल रंग आणि हळदीचा पिवळा, दोन्ही उजेडाने विटतात. मिऱ्याचा तिखटपणा ज्या पायपरिनमुळे असतो, तेही उजेडात जवळजवळ बेचव रूपात बदलतं. ओळीने मांडलेल्या बरण्या फोटोत शोभतात खऱ्या, पण माझ्या मते त्या फोटोपुरत्याच असाव्यात.

दुसरं, बरणी उघडून थेट उकळत्या पातेल्यावर झटकायची सवय असेल तर आजपासून सोडा. पातेल्यातली वाफ बरणीत शिरते, पुडीचे खडे होतात आणि पुढच्या सगळ्या तक्रारी तिथून सुरू होतात. कोरडा चमचा घ्या, पुडी वाटीत काढा, बरणी बंद करा, मग पातेल्याकडे वळा.

तिसरं, बरणी मोठी आणि मसाला तळाशी दोन बोटं, असं ठेवू नका. वरच्या रिकाम्या जागेत हवा असते. तेल तिच्यात उडतं आणि झाकण उघडलं की बाहेर जातं. मसाला कमी झाला की बरणीही लहान घ्या. मिसळणाचा डबा मीही वापरते, पण त्याचं झाकण सगळ्या वाट्यांना मिळून एकच आणि सैल, त्यामुळे त्यात आठवड्याचंच भरते.

आणि शक्य तेवढं अख्खं ठेवा. अख्ख्या दाण्यात तेल त्याच्या पेशींत कोंडलेलं असतं, दळलं की दारं उघडतात. वेलची सालासकट ठेवा, जायफळ लागेल तेव्हा किसा, मिरी ऐन वेळी कुटा. अख्खे मसाले नीट ठेवले तर २ ते ४ वर्षं चांगले राहतात. पुडीला मी ६ महिन्यांपलीकडे फारशी किंमत देत नाही. वर्षाची पुडी खाऊन कोणी आजारी पडणार नाही, फक्त रस्सा मुका होईल.

ताजेपणा तपासताना बरणीत नाक घालू नका. झाकण काढल्यावर येणारा भपकारा म्हणजे मसाल्यातून आधीच बाहेर पडलेलं तेल. चिमूटभर तळहातावर घ्या, अंगठ्याने रगडा, थोडं थांबा आणि मग हुंगा. लवंगेची परीक्षा आणखी सोपी : पाण्यात टाका. तेलाने भरलेली लवंग बुडते किंवा डोकं वर करून उभी राहते. तेल काढून घेतलेली किंवा सुकून गेलेली आडवी तरंगते.

प्रश्न : मसाले फ्रीजमध्ये ठेवावेत का? सासूबाई म्हणतात ठेव, आई म्हणते सादळतात.

दोघींचं खरं आहे. थंडीने तेल कमी उडतं, पण थंड बरणी उबदार, दमट स्वयंपाकघरात उघडली की हवेतलं पाणी आत मसाल्यावर धरतं. रोज काढ-घाल होणारा मसाला फ्रीजमध्ये ठेवूच नका. खसखस, तीळ, सुकं खोबरं यांत स्निग्धांश भरपूर, ते खवट होतात. त्यांची जागा मात्र फ्रीजमध्येच. वर्षभराची मिरची साठवायची असेल तर लहान लहान हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका. एक पुडी बाहेर काढली की ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. घाई झाली म्हणून उघडलीत तर आईंचं म्हणणं खरं ठरेल.

प्रश्न : मसाला भाजून, दळून ठेवला तर जास्त टिकतो ना?

सादळायला वेळ लागतो, या अर्थाने टिकतो. भाजताना ओल जाते, दाणा ठिसूळ होतो, दळणं सोपं होतं. भाजल्याचा खमंग वास हा नवाच तयार झालेला वास आहे, कच्च्या धण्यात तो नसतो. पण भाजताना मूळ तेलाचा थोडा भाग कढईवरच उडतो (घरभर दरवळ सुटतो तो त्याचाच), आणि भाजून दळलेली पुडी कच्च्यापेक्षा लवकर उतरते. म्हणून साठवायचं ते कच्चं आणि अख्खं. भाजायचं दहा-पंधरा दिवसांपुरतं. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा, तेही थांबून थांबून, कारण पातंही पुडीला तापवतं. मोठ्या कारखान्यांत काही ठिकाणी द्रवरूप नायट्रोजनने गारठवून मसाले दळतात, ते याच भीतीने. दळलेली कोमट पुडी लगेच डब्यात कोंबली तर झाकणाला आतून घाम येतो. ताटात पसरा, निवू द्या.

प्रश्न : धणे आणि मिरचीपुडीत बारीक तपकिरी भुंगेरे झालेत. मिरचीत कीड कशी जगते? चाळून, उन्हात घालून वापरू का?

जगते, खुशाल जगते. तिखट आपल्याला लागतं, तिला नाही. माझं मत : मिरचीपुडी टाकून द्या, कारण पुडीतून अंडी आणि विष्ठा चाळून निघत नाही. फळी पुसा, शेजारचे डबेही उघडून बघा. नवीन आणलेले धणे-जिरे फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर निदान ४ दिवस ठेवले की आलेली कीड अंड्यांसकट मरते. मी आठवडाभर ठेवते. किडीपेक्षा बुरशी वाईट. मिरचीच्या पोटात करडी-हिरवी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर तेवढीच निवडून बाकीची वापरू नका. बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात आणि ते शिजवूनही जात नाही.

प्रश्न : हिंगाचा वास सगळ्या कपाटाला लागतो, आणि हिंग मात्र फिका पडतो.

हिंगाच्या वासात गंधकाची संयुगं असतात, ती पातळ प्लॅस्टिकमधून सहज बाहेर येतात. प्लॅस्टिकची डबी बदला. काचेची किंवा धातूची, घट्ट झाकणाची लहान डबी घ्या, आणि तीही दुसऱ्या एका डब्यात ठेवा. पूड हिंगात बराचसा भाग पिठाचा आणि डिंकाचा असतो, त्यामुळे तो सादळतोही लवकर. जमल्यास खडा हिंग ठेवून लागेल तसा कुटा. फक्त ती डबी वेलची आणि चहापत्तीपासून लांब, वेगळ्या कपाटात.