किंचाळतो, पण मला ओळखतच नाही

प्रश्न: मुलगा 4 वर्षांचा आहे, झोपल्यावर तासाभरात किंचाळत उठून बसतो, डोळे उघडे पण मला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतो. सकाळी काहीच आठवत नाही. काय करू?

उत्तर: ताई, हे स्वप्न नाही, नाइट टेरर वाटतंय. गाढ झोपेतून मेंदू अर्धवटच जागा होतो म्हणून तो ओळखत नाही, आणि खरं सांगते, यात त्याच्यापेक्षा आईचाच जीव जास्त तुटतो. हलवून उठवू नका, कुठे लागणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत शांत होतो. जागरण, ताप यानं हे वाढतं, त्यामुळे झोप पुरी होऊ द्या. वाईट स्वप्नं बहुतेक पहाटेकडे पडतात, ती मुलांना आठवतात, तेव्हा मात्र कुशीत घ्यायचंच. घोरत असेल किंवा झटके येत असतील तर डॉक्टरांना दाखवाच.