पाऊण कोटीचा आकडा आणि तुमच्या घरचा सातबारा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांची यादी, प्रत्येक नावापुढे वर्षाचा खर्च रुपयांत, आणि शेवटी एकच प्रश्न: एवढे पैसे आमच्या घरात कुणी पाहिलेही नाहीत, तरी अर्ज करू का?

कर. पण ही यादी जशीच्या तशी ठेवून नको. तू ती नावाच्या दबदब्यावर लावली आहेस. ती पैशाच्या धोरणावर लावायची, हेच मला या पत्रात सांगायचं आहे.

आधी तो आकडा. प्रिन्स्टन, एमआयटी, स्टॅनफर्ड अशा खासगी विद्यापीठांत फी, राहणं, जेवण, पुस्तकं धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास खर्च सांगतात. म्हणजे पाऊण कोटी रुपये. हा आकडा खोटा नाही, आणि पूर्ण रक्कम भरणारी घरंही पुष्कळ आहेत. पण सगळ्यांकडून तेवढंच घेतात असं नाही. घरचं उत्पन्न, मालमत्ता, खाणारी तोंडं बघून तुमचं कुटुंब किती देऊ शकेल ते विद्यापीठ ठरवतं आणि उरलेलं स्वतःच्या निधीतून भरतं. प्रिन्स्टनने २००१ साली मदतीतून कर्ज हा प्रकारच काढून टाकला. तिथली मदत परत फेडायची नसते. एमआयटीने २०२५ पासून असं धोरण ठेवलं आहे की वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या पालकांकडून काहीच मागायचं नाही. तुझ्या बाबांचा ऊस आणि आईचं अंगणवाडीचं मानधन मिळून या रेषेच्या किती खाली आहे, ते तूच हिशेब करून बघ.

मग अडचण कुठे येते? निवडीच्या टेबलावर. प्रत्येक विद्यापीठाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. परदेशी मुलीने मदत मागितली, तर ती गोष्ट निवड करताना धरतात का? आणि निवडल्यावर गरज पूर्ण भागवतात का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ अशी विद्यापीठं आणि कॉलेजं फार थोडी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही जुनी. डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये त्यांत आली, ब्राऊनने २०२५ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून सुरू केलं. मदत मागितली हे निवडीत न धरण्याला तिकडे ‘नीड-ब्लाइंड’ म्हणतात. एक लक्षात ठेव, बरीच विद्यापीठं हा शब्द फक्त अमेरिकन मुलांपुरता वापरतात. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांचं पान वेगळं उघडून वाचायचं, दरवर्षी नव्याने.

स्टॅनफर्डचं धोरण वेगळं. घेतलं तर गरज पूर्ण भागवतात, पण परदेशी मुलाने मदत मागितली आहे हे निवडीत धरलं जातं, आणि तसं ते स्वतःच सांगतात. तुझ्या यादीत वर असलेलं बर्कली तर सरकारी विद्यापीठ. ते परदेशी पदवी विद्यार्थ्यांना गरजेप्रमाणे मदत देत नाही. त्याचा खर्च कागदावर प्रिन्स्टनपेक्षा कमी दिसतो म्हणून तू त्याला ‘परवडेल’ अशी खूण केली आहेस. तुझ्या बाबतीत गणित नेमकं उलटं आहे. ते नाव खोडून टाक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तालुक्याच्या गावी तुला कुणीतरी सांगितलं की अर्जात ‘आर्थिक मदत नको’ असं लिहायचं, म्हणजे प्रवेश सोपा होतो आणि पैशाचं तिथे गेल्यावर बघता येतं. असं अजिबात करायचं नाही. अर्ज करताना मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या वर्षांतही ती मिळणार नाही, असा नियम स्टॅनफर्डसकट कितीतरी ठिकाणी आहे. शिवाय व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो आय-२० हा कागद हातात येण्याआधी पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार ते दाखवावं लागतं, आणि व्हिसाच्या खिडकीवर पुन्हा तोच प्रश्न येतो. तेव्हा बाबा घर आणि रान गहाण ठेवायला निघतील. चार वर्षांच्या पदवीसाठी तीन कोटींचं कर्ज हा तुमच्या घरासाठी पर्याय नाही, आणि तुला असं सुचवणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग आला आहे.

पुढचं काम कागदांचं. मदतीसाठी बहुतेक ठिकाणी ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा फॉर्म भरावा लागतो. तो पगारदार घर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात गोंधळ होतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून बाबांनी विवरणपत्र कधी भरलंच नाही. सातबाऱ्यावर आजोबा, बाबा आणि दोन्ही काकांची नावं. उसाचं बिल एकाच्या खात्यावर जमा होतं आणि वाटणी घरात बसून होते. हे सगळं जसं आहे तसं लिहायचं. बाबांचा वाटा किती, तेवढंच उत्पन्न त्यांचं. कारखान्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, आणि प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर. एकत्र कुटुंबाची जमीन बाबा एकटे विकू शकत नाहीत, हे तिथल्या अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही. विशेष परिस्थिती सांगायला फॉर्ममध्ये जागा असते, तिथे चार सरळ वाक्यांत लिही. फॉर्मची फी आणि अर्जाची फी भरणं जड जात असेल तर प्रत्येक विद्यापीठाला ईमेल करून माफी माग. ती देतात, आणि मागितल्याने निवडीवर काही परिणाम होत नाही.

आता निवडीचं खरं चित्र. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोघांच्या आसपास निवडले जातात. पैसे न बघता निवड होते म्हणूनच जगभरातली हुशार आणि गरजू मुलं तिथे गर्दी करतात. गुण सगळ्यांचेच चांगले असतात, आणि एमआयटीसारख्या ठिकाणी एसएटी किंवा एसीटी ही परीक्षा द्यावी लागते. त्यावर मी जास्त लिहीत नाही. तुझी अडचण शिफारसपत्रांची आहे. तुमचं ज्युनिअर कॉलेज क्लासशी बांधलेलं, शिक्षक तुला नावाने ओळखतही नाहीत. तेव्हा आत्तापासून भौतिकशास्त्राच्या आणि इंग्रजीच्या सरांच्या तासाला बस, प्रश्न विचार, केलेलं काम दाखव. तू गावातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी दोन उन्हाळे मोजलीस, ती वही त्यांना वाचायला दे. तिच्याबद्दल त्यांनी दोन वाक्यं मनापासून लिहिली तरी ती कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची ठरतील.

‘अर्ली डिसिजन’ म्हणजे निवड झाली तर तिथेच जायचं असं वचन. ब्राऊन, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन इथे ते चालतं. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटका मिळते, पण दोन ठिकाणची मदत शेजारी ठेवून बघता येत नाही. तुझी पहिली पसंती पक्की नसेल तर तो मार्ग धरू नकोस.

पूर्ण मदत मिळाली तरी थोडे पैसे लागतातच. व्हिसाची फी, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, थंडीचे कपडे, पहिले काही आठवडे. विमानाचं तिकीट आणि आरोग्यविमा मदतीत धरले आहेत का, ते पत्रात तपासायचं. एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: परदेशी विद्यार्थ्याच्या अनुदानातला राहण्या-जेवणाचा भाग अमेरिकेत करपात्र असतो आणि त्यावर १४ टक्के कर कापला जातो. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर कराराप्रमाणे प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर बराचसा परत येऊ शकतो. पण मधल्या महिन्यांत तेवढी रक्कम हाताशी नसते.

आणि सीईटीचा अभ्यास सोडायचा नाही. तिकडचे बहुतेक निकाल मार्चअखेर लागतात, इकडची प्रवेशफेरी त्यानंतर सुरू होते, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. २०२४ पासून राज्यात आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, केंद्रीभूत फेरीतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ आहे. खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही, म्हणून पर्याय भरताना नीट बघ. सांगलीचं वालचंद किंवा पुण्याचं सीओईपी यांपैकी एखादं अभियांत्रिकी कॉलेज मिळालं तर मला तितकाच आनंद होईल.

अमेरिकेतल्या शिक्षणाची माहिती देणाऱ्या मुंबईच्या एज्युकेशन यूएसए केंद्रात सल्ला फुकट मिळतो, ऑनलाइनही बोलता येतं. त्यामुळे कुणा सल्लागाराला लाखभर रुपये देऊ नका, हे बाबांना माझं नाव घेऊन सांग. आणि तहसील कार्यालयातला दाखला तुला दोन्हीकडे लागणार आहे. त्याचा अर्ज या आठवड्यातच टाक, आणि सातबारा व कारखान्याच्या गेल्या दोन हंगामांच्या पावत्या घेऊन रविवारी घरी ये. फॉर्म आपण बरोबर बसून भरू.