शुगर नॉर्मल, मग हनुवटीवर केस का?

प्रश्न : डॉक्टर, मी २७ वर्षांची आहे. तीन-चार वर्षांपासून हनुवटीवर आणि गळ्यावर काळे, राठ केस येतात. रोज सकाळी प्लकर घेऊन आरशासमोर बसते, तरी संध्याकाळी हाताला टोचतात. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. मानेवर मागे काळा पट्टा आहे, कितीही घासला तरी जात नाही. वडिलांना मधुमेह आहे. माझी उपाशीपोटीची शुगर ९२ आली, तरी आमच्या डॉक्टर म्हणतात, 'इन्सुलिन रेझिस्टन्स असणार.' शुगर नॉर्मल असताना इन्सुलिनचा आणि केसांचा काय संबंध?

उत्तर : आधी मान घासणं थांबवा. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की मानेची, काखेतली त्वचा जाड, मखमली आणि काळपट होते. ती एक ओळ वाचूनच मला तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं पटलं.

तुमची शुगर ९२ आहे ती बहुधा स्वादुपिंड जादा राबतंय म्हणून. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात; मग तेवढ्याच कामासाठी ते जास्त इन्सुलिन सोडतं. रिपोर्टमध्ये साखर दिसते. ती काबूत ठेवायला किती इन्सुलिन लागलं, ते दिसत नाही.

आणि खरी गोम पुढे आहे. स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे झाले, तरी बीजकोष ऐकतच राहतात. तिथे वाढलेलं इन्सुलिन एलएच या संप्रेरकाच्या जोडीने अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, वाढवतं. शिवाय यकृतात एसएचबीजी हे प्रथिन कमी बनतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणं हे त्याचं काम. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हनुवटीवरच्या मऊ लवेचे राठ केस होतात. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आलं, तरी 'काही नाही' म्हणून कुणी परत पाठवू नये. अशार आणि थिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १९२१ मध्येच 'दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह' असं वर्णन केलं होतं. शंभर वर्षं झाली, तरी मुली अजून पार्लरच्या फेऱ्याच मारत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लांबलेली पाळी आणि केस पाहता पीसीओएसची, म्हणजे बीजकोषांच्या संप्रेरकांचं गणित बिघडण्याच्या विकाराची, शक्यता मोठी आहे. पण थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं रक्तात तपासून बाकीची कारणं बाजूला काढावीत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर बघा. उपाशीपोटीच्या आकड्यात न दिसलेला बिघाड तिथे सापडतो.

वजनाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो. वजन जास्त असेल, तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडतो. स्नायूंचे व्यायाम जरूर करा, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढून घेतो.

एक मात्र स्पष्ट सांगते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने साखरेला आणि पाळीला मदत होते, चेहऱ्यावरचे केस त्याने फारसे कमी होत नाहीत. केसांसाठी सहसा गर्भनिरोधक गोळ्या देतात; त्यांनी एसएचबीजी वाढतं. फरक दिसायला किमान सहा महिने लागतात. तेवढ्याने भागलं नाही तर स्पायरोनोलॅक्टोन हे पुरुषी संप्रेरकांना अडवणारं औषध देता येतं, पण त्या काळात गर्भ राहता कामा नये. जोडीला लेझर करून घ्या, त्यात नटवेपणा काही नाही. रोज उपटण्याने डाग पडतात, केस त्वचेखाली वळतात. त्यापेक्षा रेझर बरा. त्याने केस दाट होत नाहीत.

केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा टाळूवरचे केस विरळ व्हायला लागले, तर लगेच दाखवा. तिथे गाठ आहे का ते बघावं लागतं. आणि पाळी तीन महिन्यांपेक्षा जास्त लांबली तर वाट बघत बसू नका. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं पुढे धोक्याचं ठरतं, आणि ते गोळ्यांनी टाळता येतं.